बारवेची वरची पायरी

‘पायरी सोडून वागू नये’ असं आपण उठताबसता म्हणतो. ही पायरी नेमकी कुठली, यावरून उस्मानपुऱ्याकडच्या एका जागीरदाराच्या बारवेवर दोन शहाणी माणसं कायम भांडत. निजामुद्दीन मुन्शींचं म्हणणं, पायरी दरबारातली. ज्याला जिथं उभं केलं तिथंच त्यानं राहायचं, हीच अदब. तात्यासाहेब म्हणत, दरबार कालपरवाचा, पायरी त्याहून जुनी, देवळातली. तिला हात लावून मगच आत जायचं. निजामाचं राज्य होतं, दोघं नोकरीतून मोकळे झालेले, वेळ रग्गड. मला दोघांचाही राग येई, कारण ज्या कट्ट्यावर बसून ते वाद घालत, त्याच्याच खाली बानाबाई उभी असे.

बारवेचा रिवाज असा, की हवेलीच्या माणसांनी पाण्यापर्यंत उतरायचं आणि मेंढरवाल्यांनी वरच्या रुंद पायरीवर थांबायचं. राखणदार बद्रीनाथ खालून घागर भरून त्यांना आणून द्यायचा. बानाबाई धनगराची. आधीची लेकरं दगावली, म्हणून जगलेल्याचं नाव तिनं भिकन ठेवलं. एका उन्हाळ्यात हा भिकन तिचा हात सोडून खाली धावला आणि पाण्यात गेला. ती निघालीच होती. समोरच्या काठावरून बद्रीनाथ ओरडला, “बाई, पायरी सोडू नका, मी काढतो त्याला.” जन्मभर ऐकलेल्या त्या शब्दानं तिचे पाय जागीच धरले. बद्रीनाथ काही वाईट माणूस नव्हता, जीव खाऊन धावला. पण तो पोचला तेव्हा पाणी शांत झालं होतं.

तेव्हापासून दिवेलागणीला बारवेतून ‘माय, ये ना’ अशी हाक येते, असं ती सांगे. आम्हाला काही ऐकू येत नसे. ती रोज येई, त्याच पायरीवर उभी राही, पण खाली उतरत नसे.

एका संध्याकाळी वाद फारच पेटला. दोघांनी बद्रीनाथला निवाडा मागितला. पण बोलली ती बानाबाईच.

“लांब कशाला हुडकता? हीच की ती. हिच्यावर उभी ऱ्हायले आन् लेकरू गेलं माझं.”

आणि ती उतरू लागली. बद्रीनाथचं तोंड सवयीनं उघडलं आणि तसंच मिटलं. तळाशी बसून तिनं पाण्यात दोन्ही हात घातले, “आले रं बापा” म्हणाली आणि बराच वेळ तशीच बसली. वर आल्यावर म्हणाली, हाक थांबली. ओल्या हातांनीच ती घरी गेली, ती पुन्हा बारवेवर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या पायरीवर बद्रीनाथ उभा होता. मुन्शींनी त्याला विचारलं, इथं काय करतोस म्हणून. तो खाली पाण्याकडेच बघत राहिला.

“पोरगं इचारतंय,” तो म्हणाला, “मायला कुणी थांबवलं व्हतं.”