आता हात काढते हं

मी मालिशचा बाक बोलतोय. मला तोंड नाही, पण तोंडाच्या जागी एक भोक आहे. त्यात माणसं तोंड खुपसून पालथी पडतात आणि जे बोलतात ते थेट माझ्या कानी येतं. सासू, साहेब, शेजारी, कोणाची म्हणून सुटका नाही. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून जोडलं. माझी मालकीण, मालिश करणारी बाई, उंचीने बेताची. ती उभी राहिली की खाली सोडलेल्या हाताची मूठ जिथवर यायची, त्या उंचीला त्याने माझे पाय कापले. दुसऱ्या कोणाला मी कधी नीट बसलोच नाही.

बाईची एक रीत होती. अंगावरचे दोन्ही हात ती एकदम कधी उचलायची नाही. तेलाची वाटी घ्यायची तरी एक हात पाठीवर राहायचा. पालथ्या माणसाला काही दिसत नाही, हात सुटला की आपल्याला टाकून गेले असं त्याला वाटतं, असं ती म्हणायची. आणि काम संपलं की हळूच सांगायची, "आता हात काढते हं." एवढ्या बोलण्यावर कित्येकांची आसवं भोकातून खाली फरशीवर पडायची. घरी जाऊन पुन्हा नाकाने कांदे सोलायला मोकळे, ते सोडा.

बाईच्या धाकट्या बहिणीला नवऱ्याने घराबाहेर काढलं. बाईने तिला घरात घेतलं आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून काम शिकवलं. बहीण चलाख, हाताला जोरही चांगला. फक्त ती रीत तिला पटेना. "सांगायचं काय त्यात, ताई? काम झालं की उठतात माणसं." बाई नुसती हसली. तिथेच तिचं चुकलं, असं मी म्हणतो.

मग बाईचे अंगठे गेले. जन्मभर लोकांच्या पाठीतल्या गाठी सोडवल्या आणि हिच्याच सांध्यांत गाठी आल्या. वाटी धरवेना. उजवा खांदा तर वर उचलवेना. माणसं बहिणीकडे वळली. आधी बाईची चौकशी करायची, मग ती चौकशीही थांबली. त्याचं तिला फार वाटलं नाही. तिला एकच हवं होतं, तो दुखरा खांदा बहिणीने एकदा नीट चोळून द्यावा. इतकी वर्षं लोकांची अंगं रगडली, पण हिच्या अंगाला तेलाचा हात कोणी लावला नव्हता. "उद्या बघू, ताई," म्हणत बहिणीने हिवाळा काढला.

शेवटी एका दुपारी बाई आपणहून माझ्यावर पालथी झाली. पहिल्यांदाच. पोरीइतकं हलकं अंग झालं होतं तिचं. बहिणीने तेल घेतलं, खांद्यावर दोन्ही हात ठेवले. बाईचा श्वास सैल पडला, तो मला फळीतून कळला. तेवढ्यात दारात मोटार थांबली. कोणी बडं गिऱ्हाईक आलं होतं. बहिणीने दोन्ही हात एकदम उचलले, फडक्याला पुसले आणि गेली. एक शब्द नाही.

बाई तशीच पडून राहिली. भोकातून तिला नुसती फरशी दिसत होती. बहीण तेल कोमट करायला गेली असेल, असं तिला वाटलं असावं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आहेस ना गं?"

बाहेरच्या खोलीत हसणं चाललं होतं. खांद्यावरचं तेल गार पडलं. मला पाय चार आणि हात एकही नाही. त्या दिवशी मला त्या सुताराचा फार राग आला.

बाई कोपरावर रेटा देऊन उठली, कपडे सावरले आणि आत गेली. खांद्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि बहिणीलाही तो आठवला नाही.

आता नवा बाक आलाय, कळ दाबली की वरखाली होणारा. मला न्यायला भंगारवाला दारात उभा आहे. वाट अडतेय, लवकर उचला, म्हणून बहिणीची घाई चालली आहे. एवढ्यात बाई आतून आली. लोकांचे खांदे जिथे टेकायचे, तिथे तिने वाकड्या अंगठ्याचा आपला हात ठेवला.

"आता हात काढते हं," ती म्हणाली.

मला, एका लाकडाला, तिने सांगून हात काढला. माझं काय, उद्या जळण होईन. पण तुम्ही कधी त्या घरी मालिशला गेलात, तर आतल्या खोलीत एकदा डोकावा. तिचा खांदा अजून दुखतोय.