सुशोभीकरण

बाग वाचवायला निघालेल्या मंडळींनी वर्षभर माझ्या शिवणकामाच्या खोलीत ठाण मांडलं होतं. का, तर खोली बागेच्या फाटकासमोर, आणि माझी जीभ कितीही तिखट असली तरी मी कुणाला दारातून हाकलत नाही. कापडी फलक मी शिवायचे, चहा मी करायचा, आणि वर औषधाच्या दुकानवाल्याचं भाषणही मीच ऐकायचं. त्याला आम्ही अध्यक्ष म्हणायचो. निवडून कुणी दिलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्यांदा तोच बोलायचा, म्हणून.

बाग पाडून तिथे वाहनतळ आणि वर दुकानं होणार होती. बाकीच्यांना झाडं हवी होती, मोकळी हवा हवी होती. मला एवढंच हवं होतं की सासऱ्यांचा बागेतला तो तासभर कुणी हिरावून घेऊ नये.

सासरे जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. डोळे गेले आणि माणूस मिटून गेला. घरात साध्या पाण्यासाठी हाक मारावी लागते याचीही त्यांना लाज. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात आणि खांदे पाडून चालतात, काही गुन्हा केल्यासारखे. फाटकातून आत गेले की मात्र हात सोडून द्यायचे. "जा तू, कामं पडलीत तुझी." पुढचं त्यांच्या पायांना ठाऊक. आधी खडी, मग विटांची वाट, मग जुन्या झाडाच्या मुळानं वर उचललेली फरशी. तिथे डावीकडे वळलं की गळक्या नळाची टपटप, आणि नळाशेजारी त्यांचं बाकडं. मी मशीनवरून खिडकीतून बघत असायचे. तेवढ्या वेळात ते ताठ चालायचे, काठी नुसती नावाला. इतकं बरं वाटायचं मला ते बघून!

तर मोर्चे झाले, सह्या झाल्या, पालिकेत खेटे घालून नाकी नऊ आले. बागेकडे कसं दुर्लक्ष केलंय हे दाखवायला अध्यक्ष प्रत्येक अर्जात लिहायचा, वाटा उखडल्यात, म्हाताऱ्यांना ठेचा लागतात. शेवटी त्याचा घसा बसला, तेवढीच आम्हाला विश्रांती. निम्मे लोक गळाले. सासरे मात्र प्रत्येक सभेला पुढच्या खुर्चीत.

मग एक दिवस पालिकेचे साहेब माझ्याच खोलीत येऊन सांगून गेले, वाहनतळ रद्द. शिवाय तुमच्या तक्रारींची दखल घेऊन बागेचं सुशोभीकरण होणार. काय टाळ्या पडल्या! सासऱ्यांच्या सगळ्यांत जोरात. लोक पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सुशोभीकरण म्हणजे काय गं करणार?"

"रंग देतील, फुलं लावतील," मी म्हटलं. थकले होते हो. आणखी काही विचारायचं त्राण कुणात उरलं होतं?

बागेला पत्रे लागले. सासरे घरात बसून राहिले आणि रोज सकाळी विचारत राहिले, "उघडली का गं?"

उघडली त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. फाटकात नेहमीप्रमाणे हात सोडला. "जा तू." मी गेले नाही. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी नवी फरशी, नागमोडी वाटा. मूळ कापून जमीन सपाट केलेली, नळ दुरुस्त. खडी नाही, विटा नाहीत, टपटप नाही. सासरे थोडं चालले आणि थांबले. गार पाण्यात उतरताना चाचपावं तसा त्यांनी एक पाय पुढे टाकून बघितला, मग दुसरा. मग दोन्ही जागच्या जागी.

तेवढ्यात अध्यक्ष आला. "काय आजोबा, आता ठेच लागायची भीती नाही! कसं गुळगुळीत केलंय बघा!"

"हो, छान झालंय," सासरे म्हणाले. हसलेसुद्धा. मला त्या अध्यक्षाचा असा संताप आला! पण त्याला तरी काय बोलणार? बिचारा माझ्याइतकाच राबला होता, आणि ते फलक तर मीच शिवले होते.

तो गेल्यावर सासऱ्यांनी बाजूला हवेत हात पुढे केला.

"आहेस ना गं?"

"आहे, बाबा."

"मग धर. कुठे काय काय केलंय ते दाखव मला."

मी हात धरला. आम्ही चालायला लागलो, आणि त्यांचे खांदे खाली आले, रस्त्यावर येतात तसे.