दोन पट्ट्यांच्या मधला सा

त्या शनिवारी दुपारी शाळेच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर, एक कॅसेट, एक पेटी, तबल्याची एक जोडी, झांजांचे दोन जोड, पाण्याची कळशी आणि अकरा माणसं होती. यांतलं काहीच कशाशी जुळत नव्हतं.

महिपतने हे मोजलं, कारण मोजण्याखेरीज त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. त्याच वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, तो रत्नागिरीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि नोकरीच्या अर्जांची उत्तरं येईपर्यंत पूर्णगडला घरी होता. टेपरेकॉर्डर उघडून परत जोडू शकणारा गावात तो एकटाच. त्यामुळे जत्रेच्या नाटकातलं गाणं वाजवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

नाटकातला तांडेल होडी घेऊन लांब गेलेला असतो. त्याचं गाणं पडद्याआडून ऐकू येतं आणि किनाऱ्यावर उभी असलेली बायको शेवटचं कडवं गाऊन त्याला उत्तर देते. तांडेलाचं गाणं म्हणणारा सखाराम मुंबईला गोदीत कामाला होता. यंदा त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याने गाणं तिकडेच भरून कॅसेट पाठवली. पेटी आणि तबला इथला, जागेवर वाजणारा. बायकोचं काम गेली अकरा वर्षं शिवा लुगडं नेसून करत आला होता. यंदा ते विमलाला मिळालं होतं. गावच्या नाटकात बाई उभी राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यासाठी तिने स्वतः पंचांसमोर गाऊन दाखवलं होतं.

आता मात्र दर वेळी कडवं सुरू झालं की ती अडखळत होती.

"सोमवारच्या तालमीत जमलं तर जमलं," नाटक बसवणारा धाकू म्हणाला. "नायतर शिवा आहेच."

"माझा ब्लाउज अजून होतो मला," शिवा म्हणाला. दोघंतिघं हसले.

विमला हसली नाही. "धाकूकाका, मी कुठे चुकते तेवढं सांगा."

"तू चुकत नाहीस," महिपत म्हणाला.

"मग कोण चुकतो?" पेटीवाल्या आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या पेटीकडे बघू नको हां. तुझ्या बापाच्या लग्नात वाजलीय ती."

कॅसेटच्या सुरुवातीला सखारामने पेटीचा सा लांब धरला होता. महिपतने तो लावला आणि आप्पांना काळी एकचा सा धरायला सांगितलं. दोन सूर अगदी जवळ असले, पण एक नसले, की एकत्र वाजताना आवाज लहानमोठा होत त्यांत ठोके पडतात. महिपतने घड्याळावर मोजले. दहा सेकंदांत त्रेचाळीस. मग गाणं मोजलं. कॅसेटच्या कार्डावर सखारामने "४ मि. १२ से." लिहिलं होतं, इथे ते चार मिनिटं वीस सेकंद चाललं. नवे सेल घालूनही तेवढंच.

"मशीन हळू फिरतंय," त्याने सांगितलं. "टेप हळू फिरली की गाणं नुसतं लांबत नाही, खालीही उतरतं. सखारामचा सा आता पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधे पडलाय. पेटीवर तिथे पट्टीच नाही. विमला त्याचा सूर ऐकून उचलते आणि खाली पेटी वेगळीच वाजते."

"सखाराम पहिल्यापासून कुणाच्या अध्यात ना मध्यात," धाकू म्हणाला.

रविवारी महिपतने घरी मशीन उघडलं. मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रू होता, तो फिरवला की वेग बदलायचा. पहिल्या खेपेला गाणं चार मिनिटं सव्वीस सेकंदांचं झालं, दुसऱ्या खेपेला चार मिनिटं सात. अकराव्या खेपेला नेमकं चार बारा. तो जेवायला उठला तेव्हा भात गार झाला होता.

सोमवारी त्याने सखारामचा सा लावला. आप्पांनी काळी एक धरली. महिपतने मोजले: दहा सेकंदांत बेचाळीस.

त्याने पुन्हा मोजले. सेल काढून पुसून घातले. घड्याळ कानाला लावलं. गाणं मोजलं, तर चार बारा. मशीन बरोबर होतं. विमलाने कडवं उचललं आणि पहिल्याच ओळीला ती थांबली. शिवाने घसा साफ केला.

"काय रे," आप्पा पेटीवर हात ठेवून म्हणाले, "अजून काय रडतंय तुझं मशीन? मी तर काल पेटी मिळवून आणली त्याच्याशी."

"मिळवून म्हणजे?"

"शनिवारचा तो सा कानात बसला होता. ब्लेड घेतलं, पेटीतल्या पितळी जिभा मुळाशी खरवडल्या, सूर उतरवला. सदतीस पट्ट्या, दुहेरी पेटी. चौऱ्याहत्तर जिभा. सकाळपासून बसलो होतो."

महिपतने डोळे मिटले. "पेटी चुकत नाही म्हणालात ना, आप्पा?"

"चुकली नव्हतीच. मशीनचा मान ठेवला."

"मला सांगायचं तरी."

"तू विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. मशीन उघडतोय हेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ते आठवून त्याला आणखीच चीड आली.

धाकूने नाटकाची वही मिटली. तेवढ्यात विमला पुढे आली.

"आप्पा, खरवडलेलं पितळ परत भरता येतं?"

"नाय गो."

"महिपतदादा, तुझा स्क्रू मागे फिरतो?"

"फिरतो. पण आता तो बरोबर आहे, विमला. कार्डावर लिहिलंय तितक्याच..."

"बरोबर आहे, पण एकटाच आहे. फिरव मागे."

सगळ्यांसमोर, गुडघ्यावर मशीन घेऊन, आदल्या दिवशी चार तास खपून लावलेला वेग महिपतने बिघडवायला घेतला. धाकू दर मिनिटाला "झालं?" विचारत होता. आप्पा सा धरून बसले होते आणि मधूनच "अजून जरा खाली घे" म्हणत होते, तेही बरोबर निघत होतं. सातव्या खेपेला ठोके इतके सावकाश पडू लागले की दहा सेकंदांत जेमतेम एक.

गाणं लावलं. सखारामचा शेवटचा सूर विरला, आप्पांची बोटं पेटीवर चालू राहिली आणि विमलाने कडवं उचललं. कुणी थांबवलं नाही.

धाकूने वही उघडली. "चला, पुढचा प्रवेश."

महिपतने घड्याळ पाहिलं. विमलाचं कडवं एक मिनिट एकतीस सेकंद चाललं होतं; ते किती चालायला हवं, हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नव्हतं.