अस्वलरावांचा कोट

मार्गदर्शक मुलीने तळघराचं दार ढकललं आणि "डोकी सांभाळा हं, तुळई खाली आहे," असं ती म्हणेपर्यंत उजव्या वाकलासुद्धा होता. मागचे पाहुणे एकेक करून वाकले. एका उंच गृहस्थांनी टाळकं आपटून घेतलंच आणि त्यांच्या मुलीला हसू आवरेना. उजव्याची बायको मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. सकाळी चपला घालताना कण्हणारा हा माणूस एवढा लवचीक कधी झाला, असा तिचा चेहरा होता.

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसली."

आत काळोख होता. तुळई दिसण्याचा काही प्रश्नच नव्हता. बायकोने हे मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

उजव्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. या बाहुल्यांच्या कंपनीत तो तरुणपणी कामाला होता तेव्हा पडलेलं हे नाव. इथले मोठे बाहुले एकट्याने हलत नाहीत. एक जण बाहुल्याचं डोकं आणि डावा हात सांभाळतो, दुसरा त्याला खेटून बसून फक्त उजवा हात हलवतो. डोकं थोरल्या भावाकडे होतं, म्हणजे दादाकडे. उजवा हात धाकट्याकडे. साठी उलटून गेल्यावर आज तो रीतसर तिकीट काढून आला होता आणि त्याच्या गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेलं एक पिवळं कार्ड लोंबत होतं. ते तो सारखं शर्टाच्या आत ढकलत होता आणि ते पुन्हा बाहेर येत होतं.

खरं तर यायचं त्याच्या मनातच नव्हतं. दोघं आले होते बायकोच्या भाचीकडे, चार दिवस राहायला. दादाचं घर तिथून दोन थांबे पलीकडे. दादाची तब्येत बरी नाही, हे भाचीनेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून बायकोने धोशा लावला होता.

"उद्या आपण परत निघणार. आज एकदा जाऊन येऊ."

"त्याने बोलावलंय?"

"मोठ्या भावाकडे जायला बोलावणं लागतं का कधी?"

"मला लागतं," असं म्हणून त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर नेमकी या सफरीची जाहिरात होती. पडद्यामागची दुनिया बघा, वगैरे. बायकोने ती बघितली आणि म्हणाली, मग निदान हे तरी दाखवा मला. एका दिवसात बायकोला दोनदा 'नाही' म्हणण्याची छाती त्याच्यात राहिली नव्हती.

तळघरातली पहिली खोली डोक्यांची. स्पंजाची कोरून काढलेली डोकी दांड्यांवर वाळत लावली होती, बिनडोळ्यांची, बिनकेसांची, तरी सगळी कशी आपापल्या स्वभावाची. डिंकाचा उग्र वास उजव्याच्या नाकात गेला. हाच वास कपड्यांना लागून घरी यायचा. आई दोघांना दारातच अडवायची, "आधी अंघोळ, मग जेवण," आणि पहिला कोण जाणार यावरून दोघं घोडे झाल्यावरही भांडायचे. पुढची खोली डोळ्यांची. उथळ खणांत रंगांप्रमाणे लावलेले डोळे. उंच गृहस्थांची मुलगी एकेक खण उघडून "हे माझ्याकडेच बघतात!" असं किंचाळत होती. मार्गदर्शक मुलगी हसतमुख होती, पाठांतर चोख होतं, पण मध्येच स्वतःलाच मजा वाटून थांबायची. उजव्याला ती आवडली. त्याच्या वेळी पाहुण्यांना आत घ्यायची पद्धत नव्हती. असती तर कोणी सांगितलंही नसतं इतकं नीट.

मग एक लांब बोळ आला आणि भिंतीवर अस्वलराव.

पाहुण्यांत एकदम चैतन्य आलं. अस्वलरावांना ओळखत नाही असं त्या बोळात कोणी नव्हतं. गलेलठ्ठ, चष्मिस, लोकरी कोटातले अस्वलराव, सगळ्यांना सल्ले देणारे आणि स्वतः पदोपदी फजीत होणारे. फोटो सालाप्रमाणे लावले होते. पहिल्या काही फोटोंत अस्वलरावांचे दोन्ही हात हवेत होते. मग पुढच्या साऱ्या फोटोंत उजवा हात कोटाच्या खिशात.

"आता एक गंमत सांगते," मार्गदर्शक मुलगी म्हणाली. "अस्वलराव खिशातून हात का काढत नाहीत? तर तो त्यांचा रुबाब! सुरुवातीला ते फार हातवारे करायचे. मग हळूहळू भारदस्त झाले. लहान मुलं त्यांची इतकी नक्कल करायची की शाळांमध्ये खिशात हात घालायला बंदी करावी लागली होती म्हणे."

सगळे हसले. बायकोही हसली, मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसणं आवरलं.

तो रुबाब नव्हता. उजव्याला एक दिवस वाटलं होतं की जन्मभर दुसऱ्याच्या बाहुल्याचा एक हात होऊन राहण्यात काय राम आहे. दुसऱ्या एका कंपनीने त्याला स्वतःचा बाहुला देऊ केला होता, डोक्यासकट. जेवणाच्या सुट्टीत त्याने दादाला सांगितलं. दादाने घास चावून संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "जा की. एका हाताने भागतं." बस्स, एवढंच. पुढच्याच आठवड्यात टीव्हीवर अस्वलराव आले ते खिशात हात घालून. आणि लोकांना ते आवडलं! उजव्याने तो भाग नव्या बिऱ्हाडात एकट्याने बघितला होता. सगळ्या दुनियेसमोर दादाने सांगून टाकलं होतं, की याच्यावाचून आमचं काही अडत नाही. त्याचा स्वतःचा बाहुला वर्षभरात झोपला. त्याने पुढे छापखान्यात नोकरी धरली, ती निवृत्तीपर्यंत. आईच्या दुखण्यात दोघं भाऊ आलटून पालटून दवाखान्यात बसले, पण बोलले ते औषधांपुरतं. त्यानंतर तेवढंही उरलं नाही.

"चला, आता कपडेपट," मार्गदर्शक मुलगी म्हणाली.

कपडेपटात उजेड लख्ख होता. लांब टेबलामागे एक बाई तोंडात टाचण्या धरून काम करत होत्या. उजव्याच्या वेळी इथे दुसऱ्याच एक होत्या, तापट. या त्यानंतर आलेल्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, शांत. पाहुणे टोप्यांच्या मांडणीकडे धावले. उजव्या मात्र टेबलापाशीच थांबला, कारण टेबलावर अस्वलरावांचा नवा कोट, बाह्यांच्या टोकांना पंजे जोडलेला, पालथा ठेवला होता.

त्याने तो बघितला आणि सवयीने काखेपाशी बोट नेलं. उजव्या बाहीला पाठीमागून चांगली वीतभर फट होती. हात आत घालायला ठेवतात तशी.

"बाई, ही बाही बंद करायची राहिलीय."

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "राहिली नाही. ती उघडीच असते."

"पण तो हात तर खिशात असतो. यातून हात घालणार कोण?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. "मी नवीन आले तेव्हा मलाही असंच वाटलं. म्हटलं, आधीच्या बाई विसरल्या असतील. मी आपली शहाणी, टाके घालून टाकली बंद करून. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः खाली आले. अस्वलराव चालवायचे ते दादा. वाटलं, आता आपली खरडपट्टी निघतेय. पण नाही. तुम्ही उभे आहात ना, तिथे स्टूल घेऊन बसले आणि एकेक टाका स्वतःच्या हाताने उसवला."

"का?"

"विचारलं ना मी. म्हणाले, राहू दे उघडी, लागली तर."

उजव्याने बाही हातात घेतली आणि आतून चाचपली. बाहेरून खरखरीत लोकर, आतून मऊ सुती अस्तर. त्याने दुसरी बाही चाचपली. डाव्या बाहीत अस्तर नव्हतं.

"हे एकाच बाहीला?"

"तेही त्यांचंच फर्मान. जुनं, धुऊन मऊ झालेलं कापडच लावायचं, कोरं चालत नाही. म्हणे लोकर टोचते. आता कोणाला टोचते देव जाणे! त्यांचा स्वतःचा हात तर डाव्या बाहीत. तिथे लावू का म्हटलं तर म्हणाले, मला काय धाड भरलीय."

उजव्याने अस्तर पुन्हा एकदा चाचपलं. लोकर त्याला टोचायची. दिवसभराच्या कामानंतर मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठायच्या, आणि तो खाजवत बसला की दादा म्हणायचा, आले आमचे राजपुत्र! अस्तर लावून घेऊ या, म्हणून त्याने किती वेळा सांगितलं होतं. नखरे आहेत नुसते, म्हणून दादाने दर वेळी उडवून लावलं. तो होता तोवर त्या बाहीला अस्तर कधीच लागलं नाही.

"किती कोट झाले असतील असे?" त्याने विचारलं.

"दर दोन-तीन वर्षांनी नवा लागतो. विरतात ना. मोजले नाहीत कधी." बाईंनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. "आता तर ते घरी असतात, अस्वलराव एक नवीन मुलगी चालवते. तरी कोट करायला घेतला की फोन ठरलेला. बाही? उघडी आहे दादा. अस्तर? लावलंय दादा. की ठेवलाच फोन. परवासुद्धा आला होता. आवाज फार बारीक झालाय हो त्यांचा."

बायको कधीची मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हात घालून बघू का?" उजव्याने विचारलं.

"बघा की. जपून मात्र."

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शर्टाची बाही वर सारली आणि फटीतून हात आत घातला. अस्तर गार होतं. बोटं सरळ टोकाशी गेली आणि अस्वलरावांच्या जाड पंजाच्या बोटांत आपोआप बसली, जणू कालच काढली होती. त्याने पंजा उचलला आणि तो तसाच हवेत धरून थांबला. खेळाच्या वेळी टेबलाखाली लपून दादाला खेटून बसल्यावर काही दिसायचं नाही. दादा नाकाने हळूच श्वास घ्यायचा, तो ऐकला की हात हलवायचा, ही त्यांची पद्धत होती. आता उगीचच त्याचे कान त्या श्वासाची वाट बघत होते. बाईंना तो हात हलवायला विसरला असं वाटलं असेल. डोळे भरून आले, ते पुसायला त्याने हात मागे ओढला, तर हात निघेना. कोपरापाशी अडकला होता.

"ओढू नका, ओढू नका, टाके जातील!" बाई लगबगीने पुढे आल्या आणि बाही गोळा करत हलकेच मागे सारू लागल्या. "माप जुनं आहे हो ते. दादांनी दिलेलं तेच चालू आहे. कोणी तरी अगदी काटकुळा माणूस असणार."

"काटकुळेच होते," बायको म्हणाली. "लग्नात शेरवानीला आतून घड्या घालाव्या लागल्या होत्या."

बाईंचे हात थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग गळ्यातल्या कार्डाकडे, आणि त्यावर 'पाहुणा' एवढंच होतं.

"तुम्ही दादांचे..."

"धाकटा भाऊ," उजव्या म्हणाला.

बाईंनी बाही मोकळी केली, कोट बाजूला ठेवला आणि गळ्यातली टेप काढली. "हात सरळ करा," त्या म्हणाल्या. त्याने हात सरळ केला. त्यांनी दंडाचं माप घेतलं, कोपराचं घेतलं, मनगटाचं घेतलं आणि खडूने टेबलाच्या कडेवर आकडे लिहिले. हे सगळं होईपर्यंत तो शाळेतल्या मुलासारखा हात पुढे धरून उभा राहिला.

"कोपरापाशी दोन बोटं सोडावी लागतील. आत कापड आहे, काळजी नाही."

टोप्यांच्या मांडणीपाशी मार्गदर्शक मुलीने टाळ्या वाजवल्या. "चला मंडळी, आता शेवटचा टप्पा, भेटवस्तूंचं दुकान!" पाहुणे गलका करत तिच्या मागे निघाले.

"दादांचा फोन येईलच एक-दोन दिवसांत," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "तेव्हा सांगते, की बाही मोठी करायला घेतलीय."

"नका सांगू," उजव्या म्हणाला. त्याने घड्याळ उचललं, पण मनगटावर बांधायचं त्याला सुधरेना, म्हणून ते खिशात टाकलं. "मीच सांगतो. संध्याकाळी जातोच आहे तिकडे."

"संध्याकाळी कशाला?" बायको म्हणाली. "आत्ताच निघू या की." आणि ती त्याच्याआधी दाराकडे चालायला लागली.