गेट कुठं करंट पितं?

जोगेश्वरीत नंदकुमारांचा गाळा होता. आत सोल्डरचा धूर एवढा, की डाससुद्धा शिरण्याआधी बायकापोरांचा निरोप घेऊन यायचे. नंदकुमार आता थकले होते. घरघंटीच्या मोटरचं नवं सर्किट एकदा चाललं, की दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली दुसरं नाव चढणार होतं. थोरल्या देवदत्तचं की धाकट्या स्वरदाचं, एवढंच ठरायचं होतं. त्या पाटीपायी स्वरदानं चांगलं चालून आलेलं स्थळ "मोटर टेस्टिंगला लावलीय" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं.

सर्किट देवदत्तचं. त्याची बढाई अशी, की लेण्यात जाऊन बोलला असता तर डोंगर लाजून मागे सरकला असता.

"ट्रान्झिस्टरचं गेट कुठं करंट पितं? पुस्तकात बघ," म्हणत त्यानं मल्टिमीटर लावला. जवळजवळ शून्य. "बघितलंस ना, शहाणे?"

"दादा, तुझा मीटर म्हणजे जेवणानंतरचे बाबा. त्यांचा डोळा उघडेपर्यंत पाहुणे चहा पिऊन जातात. गेट चालू होताना दर वेळी एकच घोट घेतं, पण केवढा! तो पाजता पाजता गेट चालवणारी ड्रायव्हर चिप मरेल."

तिनं चिप आणि गेट यांच्या मधे दहा ओहमचा रेझिस्टर बसवला आणि त्याच्यावर क्षणाक्षणाचा करंट दाखवणारा स्कोप लावला. पडद्यावर सुया उभ्या राहिल्या. एकेक सुई अँपिअरभर.

"रेझिस्टरनं अडवूनसुद्धा एवढा. तो नसता तर?"

देवदत्तनं तोंड वाकडं केलं. तेवढ्यात बाबा आले. रेझिस्टर तसाच राहिला, घरघंटी सुरू झाली आणि दुपारभर गहू दळत राहिली. पीठ असं मऊ, की बाबांनी चिमूटभर तोंडातच टाकलं.

"चालतंय की झकास! उगाच घाबरवतेस गं पोराला."

"बाबा, रेझिस्टर आहे म्हणून चालतंय."

"सर्किट त्याचं आणि श्रेय तुझ्या रेझिस्टरला?"

पाटी रंगली. खाली देवदत्त. त्यानं पहिलं काम काय केलं, तर "सर्किटवर बसलेली हिची माशी" म्हणत तो रेझिस्टर उपटला आणि त्याच्याशिवायच सगळा माल बोरिवलीच्या गिऱ्हाइकाला धाडला.

माल गेला त्याहून लवकर परत आला. ड्रायव्हर चिपा फुटलेल्या, ट्रान्झिस्टर कोळसा झालेले, पीठ कारळ्याच्या कुटासारखं काळं. बाबांनी पोराकडे पाहिलंच नाही. वळले ते स्वरदाकडे.

"तूच काहीतरी चिकटवलं होतंस ना त्यात? तेव्हाच बिघडवलंस."

देवदत्त पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं.

"बरं, झालं गेलं," बाबा म्हणाले. "आता बसव तुझे ते रेझिस्टर सगळ्यांत. गिऱ्हाईक दारात उभंय. दादा सांगेल त्याला, नवीन सुधारणा केलीय म्हणून."

स्वरदानं सोल्डरगन बंद केली, थंड होईपर्यंत हातात धरली आणि दादाच्या पुढ्यात मल्टिमीटरशेजारी ठेवली.

"कशाला बसवायचे, बाबा? यावर तर शून्यच दाखवतंय."

पर्स घेऊन ती निघाली. पाटीचा रंग अजून ओला होता. जाता जाता ओढणीला लागला. नेमका दादाच्या नावाचा. धुतला, घासला, तरी गेला नाही मेला.