ओरिनचं चकचकीत रिव्हॉल्व्हर

व्हर्ल टॅकेटला किळस यायला फारसं काही लागत नसे. पातळ कॉफी, साखर घातलेली मक्याची भाकरी, चर्चमध्ये गिटार घेऊन उभा राहणारा नवा पाद्री, यांतलं काहीही पुरे. पण पोटातून उठणारी खरी किळस त्याने राखून ठेवली होती ती रिव्हॉल्व्हर विकत घेऊन न उडवणाऱ्या माणसांसाठी. आणि बकहॉर्न खोऱ्यातला रिव्हॉल्व्हर क्लब हल्ली असल्याच माणसांनी भरला होता.

क्लब म्हणजे काय, तर बंद पडलेल्या दगडखाणीत टाकलेला पत्र्याचा मांडव, त्याखाली एक लांबलचक टेबल आणि समोर मातीच्या बांधापुढे फळीवर मांडलेले रिकामे डबे. पूर्वी रविवारी चर्च सुटलं की जो तो आपलं जुनं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून इथे यायचा. कान गाणी म्हणू लागेपर्यंत बार काढायचे, मग पांढऱ्या रश्श्यात पावासारखी मऊ बिस्किटं बुडवून खायची आणि मनसोक्त थापा मारायच्या. ओरिन स्टबलफील्डने म्हणे एकदा धावत्या मालगाडीच्या भोंग्यात गोळी घातली होती, आणि ती गाडी पार मेम्फिसपर्यंत सर्दी झाल्यासारखी शिंकत गेली. ही थाप नव्हे. व्हर्लने ती शिंक स्वतः ऐकली होती.

आता तिथे पांढरे हातमोजे आले होते. ट्रॅक्टर विकणारा डेन्व्हर क्रॅब्ट्री हा त्या हातमोजेवाल्यांचा म्होरक्या. रिव्हॉल्व्हरची गोळ्या भरायची चक्री फिरली की खालची खिट्टी तिच्यावर एक बारीक रेघ ओढते. बंदूक वापरली गेल्याची ती खूण. डेन्व्हरच्या घरी काचेच्या कपाटात अशी रिव्हॉल्व्हरं होती की ज्यांच्या चक्रीवर एक रेघसुद्धा नव्हती. तो ती मखमलीवर ठेवून क्लबात आणायचा आणि पाळण्यातलं पोर दाखवावं तशी दाखवायचा.

“बघा, पण हात लावू नका. आणि व्हर्ल, श्वास जरा तिकडे सोड बाबा, गंज चढेल.”

“याचा आवाज कसा आहे रे, डेन्व्हर?”

“मला काय ठाऊक! कारखान्यातून निघाल्यापासून याचा घोडा कुणी उचललेला नाही.”

“अरेरे. म्हणजे कुमारिकाच मरणार बिचारी. घरी बायकोची चूलसुद्धा काचेतच ठेवतोस का?”

“तिची चूल तशीच नवीकोरी आहे,” डेन्व्हर म्हणाला. “ती कधी वापरतच नाही.”

सगळे खो खो हसले. व्हर्ल बांधाकडे तोंड करून थुंकला.

त्याला एकच दिलासा होता, तो म्हणजे ओरिन. ओरिनचं रिव्हॉल्व्हर महायुद्धाच्या आधीचं, आजोबांकडून आलेलं. चामड्याच्या म्यानात घासून घासून नळीच्या टोकावरची निळी झाक उडालेली, अक्रोडाची मूठ अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेली. चाप मात्र असा, की मनात बार काढायचा विचार आला की तो आपला निघालेलाच असे. दर रविवारी दोघे बंदुका अदलाबदल करून मारायचे. व्हर्लला ते रिव्हॉल्व्हर डोळे मिटूनही ओळखू आलं असतं. आधी दोन बारीक टिकटिक, आणि मग कुणीतरी जाडजूड दार आपटावं तसा बार.

शरद ऋतूत नदीकाठी टाकलेले गळ काढायला गेलेला ओरिन काही परतला नाही. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले, तेव्हा तो काठावर पालथा पडलेला होता. हृदय थांबलेलं, आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर चिखलात, त्याच्याच खाली.

क्लबाची एक जुनी रीत होती. सभासद गेला की पुढे एका रविवारी त्याची बंदूक घरच्यांनी टेबलावर आणून ठेवायची, मित्रांनी तिच्यातून एकेक बार काढायचा. याला शेवटची फेरी म्हणत. मग घरचे ज्याला मनात येईल त्याला ती बंदूक देऊन टाकत.

व्हर्लला ते रिव्हॉल्व्हर हवं होतं. इतकं हवं होतं, की अंत्ययात्रेनंतरच्या जेवणात त्याने हातातली केकची बशी खाली ठेवून ओरिनच्या बायकोला, लव्होनला, स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

“लव्होनबाई, एक सांगू? कुणालाही द्या, पण डेन्व्हरला देऊ नका. आपण ओरिनला आज पुरलं ना, तसं तो ते रिव्हॉल्व्हर कपाटात पुरेल.”

“व्हर्ल! जिभेला काही हाड?”

“बंदूक बघायची वस्तू नाही हो. वाजवायची वस्तू आहे. दिसते कशी, कुणी बनवली, किंमत काय, असलं विचारणारा माणूस बंदुकीचा नव्हेच. तो दुकानदार.”

“तीस वर्षं माझ्या टेबलाशी बसून हेच बोलतोयस तू,” त्या म्हणाल्या. रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या थोड्या हसल्यासुद्धा. “मला त्यातलं काय कळतंय? घेऊन येते शेवटच्या फेरीला. ज्याच्या हातात बरं दिसेल, त्याचं.”

तो रविवार आला. लव्होनबाई चर्चला घालायचाच निळा झगा घालून आल्या, काखेत टॉवेलची गुंडाळी. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. डेन्व्हरने हातमोजे चढवले. व्हर्लने मुद्दाम हात पँटला पुसले, उघड्या हातांनी घ्यायचं म्हणून.

त्यांनी टॉवेल उलगडला.

आधी कुणाला काही दिसलंच नाही. मांडवात नुसता लखलखाट. डोळे सरावल्यावर दिसलं, की टॉवेलवर ओरिनचं रिव्हॉल्व्हर आहे, आणि त्याच्यावर नळीपासून मुठीच्या पट्टीपर्यंत क्रोमचा मुलामा चढवलेला आहे. त्याआधी यंत्रावर घासून घासून त्याच्या सगळ्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत केल्या होत्या. नळीवरची अक्षरं गेली होती. उडालेली निळी झाकही गेली होती आणि उरलेलीही. अक्रोडाच्या मुठीच्या जागी मोत्यासारखं दिसणारं पांढरं प्लॅस्टिक बसवलं होतं.

डेन्व्हरच्या तोंडून असा आवाज निघाला, जसा पायाखाली बेडूक आल्यावर निघतो. त्याने हातमोजे काढायला सुरुवात केली. मागे कुणीतरी “देवा रे” म्हणालं, आणखी कुणीतरी अचानक मोटारीत काहीतरी विसरल्यासारखं निघून गेलं. ज्यांनी अंत्ययात्रेत लव्होनबाईंच्या भोवती घारीसारख्या घिरट्या घातल्या होत्या, ते आता बांधावरचं गवत न्याहाळत होते.

“चिखलात राहून त्यावर गंजाचे ठिपके आले होते,” लव्होनबाई म्हणाल्या. “माझ्या पुतण्याचं मोटारी रंगवायचं गॅरेज आहे ना, त्याने करून दिलं. पूर्वीपेक्षा छान दिसतंय की नाही?”

डेन्व्हरने हातमोजे खिशात कोंबले.

“व्हर्ल? तुझ्यापासून सुरू करूया. घे.”

आता इथे व्हर्लने काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हात पुढे करायचा, बार काढायचा, तोंड बंद ठेवायचं. व्हर्लने हात पुढे केलाही. पण तो त्या चकाकत्या नळीपाशी आला, त्यात त्याला स्वतःचाच लांबुडका झालेला चेहरा दिसला, आणि हात आपोआप मागे आला. मेलेल्या माशाला लागावा तसा. वर तोंड आपणहून उघडलं.

“हे काय करून ठेवलंत, बाई! ही बंदूक आहे की मोटारीचा बंपर? शी! याला हात कसा लावायचा माणसाने?”

मांडवावरचा पत्रा उन्हाने तडतडला.

लव्होनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चालतं का नाही ते?” त्यांनी विचारलं.

“चालतं असेल. पण...”

“पण काय?”

दिसतं वाईट, एवढंच व्हर्लजवळ होतं, आणि ते वाक्य या बाईसमोर काढायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

लव्होनबाईंनी टेबलावरची काडतुसं उचलली. चक्री बाजूला काढून ती एकेक करून, वाटाणे सोलत असल्यासारखी तिच्या भोकांत घातली आणि चक्री अंगठ्याने हळूच आत दाबली. ओरिननेच शिकवलं असणार. मनगटाला झटका देऊन चक्री बंद करणाऱ्याला तो घरात घेत नसे. कानात कापूस घातला. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर धरून त्या बार काढायच्या रेघेवर उभ्या राहिल्या.

व्हर्लने डोळे मिटून घेतले. त्याला तो बंपर बघवत नव्हता.

टिक, टिक. मग ते जाडजूड दार आपटलं.

तोच आवाज. क्रोमने त्याला केसाएवढाही धक्का लावला नव्हता. पुन्हा टिकटिक, पुन्हा दार. वाटलं, डोळे उघडले तर शेजारी ओरिन उभा असेल आणि म्हणेल, नेम डावीकडे जातोय रे म्हाताऱ्या. शेवटच्या बाराला फळीवरचा डबा ठणकन उडाला, तेव्हा कुठे व्हर्लने डोळे उघडले. त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

“लव्होनबाई,” तो पुढे झाला. “द्या इकडे. मला द्या. मी चुकलो.”

त्यांनी चक्री उघडून रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

“ओरिनला घरी आणलं ना, व्हर्ल, तेव्हा तो रात्रभर चिखलात पडलेला होता. दफनवाल्यांना मी हात लावू दिला नाही. मी धुतलं त्याला. कानातला चिखल काडीने काढला, दाढी केली, लग्नातला शर्ट घातला. शोभत नव्हता त्याला, पोट मावत नव्हतं. पण मला किळस नाही आली.” त्यांनी गुंडाळी काखेत मारली. “मग हे धुतलं. तुला आली.”

“तसं नव्हतं हो...”

“कसं का असेना. आता हे माझं.”

डेन्व्हर खाकरला. “बाई, मूळ मूठ फेकली नसेल तर मी...”

“तू गप रे,” व्हर्ल आणि लव्होनबाई एकदमच म्हणाले.

त्या मोटारीकडे निघाल्या. दार उघडून एक पाय आत टाकल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

“पुढच्या रविवारीही येते मी. माझा नेम काही ओरिनसारखा नाही. डबे जरा जवळ मांडून ठेव, व्हर्ल. आणि काडतुसं तूच आण, तुझ्याकडे ढीग पडलाय.”

“आणतो. आणि बाई, एखादा बार मला...?”

“बघू. कुणाच्या तरी हातात बरं दिसायला हवं ना.”

मोटार खाणीतून वर चढून दिसेनाशी झाली. व्हर्ल उन्हात बांधाकडे गेला, खाली पडलेला डबा उचलला आणि फळी दोन्ही हातांनी धरून मांडवाच्या दिशेने सरकवायला लागला. मागून कुणीतरी हसत ओरडलं, “अरे, एवढ्या जवळून तर ती डबा हाताने पाडेल!”

“पाडू दे,” व्हर्ल म्हणाला, आणि फळी अजून एक ढांग पुढे आणली.