फोटोफेरी

ही गोष्ट १९८६ सालची. त्या वर्षी लाँड्रीवाल्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला सलग चार दिवस कुलूप लावलं, आणि तेही कशासाठी, तर कोळशाच्या धुरात बसायला.

काकूंची लाँड्री चौकाच्या कोपऱ्यावर होती. पुढे काउंटर, मागे बॉयलर आणि मधे दांडीवर टांगलेले गावभरचे कोट. नवरा गेल्यापासून सगळा कारभार त्यांच्या एकटीच्या अंगावर. वाफेनं त्यांचे गाल कायमचे लाल करून टाकले होते आणि दिवसभर उभं राहून गुडघे कामातून गेले होते. काजळीशी तर त्यांचं हाडवैर होतं. रस्त्यात कुणी भेटलं तर काकूंना आधी चेहरा दिसायचा नाही, कॉलर दिसायची.

त्यांची एकुलती एक लेक नर्स होती. नकाशे काढणाऱ्या कचेरीतल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा काकूंना पसंत होता. कॉलर स्वच्छ, बोलणं मऊ. गाडी अडली होती ती मुलाच्या वडिलांपाशी. ते लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना सूरवाले म्हणत. त्यांचा नकार नव्हता. पण होकारही नव्हता. विचारलं की म्हणायचे, "बघू." हे बघणं दोन वर्षं चाललं होतं. मुलगा वडिलांना दुखवून काही करणार नव्हता, आणि लेकीला लांबच्या शहरातल्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. "या महिन्यात काय ते ठरलं नाही, तर मी जाते," ती म्हणाली. "मग तो विषय संपला." असं म्हणून ती भांडी अशी घासायला लागली की त्यांची कल्हईच उडावी.

व्याही-विहिणीची एक भेट होऊन गेली होती. चहाच्या दुकानात दोघं तासभर समोरासमोर बसले. तेवढ्या वेळात सूरवाल्यांनी चमच्यानं कप वाजवून "हा जरा उतरलाय" एवढंच सांगितलं, आणि काकू म्हणाल्या, "तुमच्या बाहीला शाई लागलीय, लिंबू चोळा." घरी जाऊन दोघांनीही आपापल्या मुलांना एकच अहवाल दिला: माणूस जरा विचित्र आहे.

म्हणून मग लेकीनं हे काढलं.

"आई, त्यांना बोलतं करायचा एकच विषय आहे. वाफेची इंजिनं. नुसतं नाव काढलं की माणूस फुलतो. जुन्या आगगाड्यांची सहल निघतेय चार दिवसांची, रोज वेगळी गाडी. ते जाणार आहेत. तूही जा."

"अगं, मी रोज बॉयलरपाशीच उभी असते की! सुट्टी घेऊन पुन्हा बॉयलरच बघू?"

"माझ्यासाठी, आई."

त्यावर कुठली आई काय बोलणार! काकूंनी बॅग भरली. आणि चांगलं दिसावं म्हणून, इथेच त्यांची चूक झाली, नवाकोरा सायीच्या रंगाचा कोट घातला.

सहलीचे म्होरके होते एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि काखेत हिरवा झेंडा. "मंडळी," ते स्टेशनवर ओरडले, "मी एकदा शिट्टी वाजवली की चढायचं. दोनदा वाजवली की उतरायचं. इंजिनानं वाजवली तर ती माझी नव्हे!" हा विनोद त्यांनी चारही दिवस सकाळी केला आणि चारही दिवस स्वतःच हसले. मग बोटानं एकेकाचं डोकं मोजत ते फलाटभर फिरले.

सूरवाले पाठीमागे हात बांधून उभे होते. उंच, काटकुळे, गळ्याला मफलर. काकूंना पाहून ते कसंनुसं हसले.

"पहिल्या डब्यात बसू या," ते म्हणाले. "अगदी इंजिनाच्या पाठीला. तुम्हाला बरं वाटेल."

"बरं काय! त्याशिवाय प्रवास कसला?" काकू ठसक्यात म्हणाल्या.

"खिडकी उघडू?"

"उघडा की. पूर्ण उघडा."

पहिल्याच बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत काकूंचा कोट सायीचा राहिला नव्हता, सायीखालच्या करपलेल्या दुधाचा झाला होता. तेवढ्यात इंजिनानं कर्कश शिट्टी फुंकली. सूरवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"वा!" ते डोळे मिटून म्हणाले.

"वा!" काकू कोळसा थुंकत म्हणाल्या.

दुपारी काकूंना फोटोफेरी म्हणजे काय ते कळलं. चांगलंसं वळण आलं की मास्तर दोनदा शिट्टी वाजवत, सगळे ओल्या गवतात उतरत आणि बांधावर कॅमेरे रोखून ओळीनं उभे राहत. रिकामी गाडी मागे मागे जात दिसेनाशी व्हायची, आणि मग धूर ओकत, शिट्टी मारत पुन्हा समोरून यायची. खटाखट फोटो. धूर कमी पडला म्हणून पुन्हा मागे. ढग आला म्हणून पुन्हा मागे. या सगळ्याचा सेनापती होता एक दाताचा डॉक्टर. पेशंटला दटावायची सवय त्यानं सहलीलाही आणली होती.

"कुणीही हलायचं नाही! ती लाल छत्री मिटा! आणि आत कुणी राहिलं नाही ना? खिडकीत एक नाक जरी दिसलं ना, तर फोटो मातीत!"

काकूंनी मनात म्हटलं, आलेली गाडी परत धाडायची आणि तीच पुन्हा आली की नवी आल्यासारख्या टाळ्या पिटायच्या. यांच्या घरी कुणी बघणारं नाही का? पण शेजारी सूरवाले टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

संध्याकाळी मुक्कामाच्या लॉजमधून त्यांनी लेकीला फोन लावला.

"काय म्हणाले?" लेकीनं अधीरपणे विचारलं.

"वा म्हणाले."

"आणखी?"

"आणखी एकदा वा म्हणाले. अगं, त्या माणसाला दुसरा शब्दच येत नाही. आणि मी तरी काय बोलू? मीही 'वा'च म्हणते. दिवसभर आम्ही दोघं वा-वा करत बसतो, पारव्यांसारखे."

"नेट लाव, आई!"

काकूंनी नेट लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूरवाल्यांना दोन डब्यांच्या मधल्या उघड्या ओट्यावर उभं राहू या म्हणून सुचवलं. सूरवाल्यांनी मफलर कानांवरून घट्ट आवळला आणि "माझ्या मनातलं बोललात" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्याचा वचपा म्हणून की काय, ते काकूंना थेट इंजिनात घेऊन गेले. भट्टीचं दार उघडल्यावर काकूंना आपल्या बॉयलरची आठवण होऊन दुकानात असल्यासारखाच घाम फुटला. सूरवाले मात्र ड्रायव्हरचा हात घट्ट धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. केवढं हे प्रेम, असं वाटून काकूंचा धीर खचला. असल्या माणसापुढे आपलं सोंग किती टिकणार? आणि ते उघडं पडलं, तर लेकीचं काय?

लग्नाचा विषय अजून निघालाच नव्हता.

चौथा दिवस शेवटचा. पुलाजवळचं मोठं वळण आलं. डॉक्टर सकाळपासून याच वळणाची वाट बघत होता. मास्तरांची दोनदा शिट्टी झाली, सगळे उतरायला लागले. काकूंचे गुडघे त्या दिवशी असे आखडले होते, की ओल्या बांधाचं नुसतं नाव काढलं तरी रडू येईल. त्यांनी बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि गुपचूप दुसऱ्या डब्यात सटकल्या. म्हटलं, दहा मिनिटं पाय लांब करून बसू, कुणाला पत्ता लागणार नाही.

डब्यात आधीच कुणीतरी पाय लांब करून बसलं होतं.

बूट काढलेले, डोक्याला मफलर गुंडाळलेला, दोन्ही कानांतून कापसाचे बोळे बाहेर आलेले आणि हातात अर्धं खाल्लेलं उकडलेलं अंडं. सूरवाले.

"अहो!" काकू म्हणाल्या.

त्यांना ऐकूच गेलं नाही. काकूंनी खांदा हलवला, तेव्हा अंडं घरंगळत बाकाखाली गेलं.

"तुम्ही... उतरला नाहीत?" सूरवाले चाचरत म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे उतरलात?"

तेवढ्यात गाडीनं हिसका दिला आणि ती मागे सरकायला लागली. खिडकीबाहेर बांधावरची माणसं दिसू लागली; सगळ्यांच्या पुढे डॉक्टर, तीन पायांच्या कॅमेऱ्यामागे. त्याबरोबर दोन प्रौढ, प्रतिष्ठित माणसं शाळा बुडवलेल्या पोरांसारखी डब्याच्या फरशीवर आडवी झाली.

"कानात काय घातलंय?" काकूंनी बाकाखालून ओरडून विचारलं.

"कापूस."

"कशाला?"

सूरवाल्यांनी बोळे काढले आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "बाई, ती शिट्टी कुठल्याच सुरात नाही हो! ना वरच्या, ना खालच्या. चार दिवस माझ्या दाढा ठणकताहेत. तुम्हाला राग येईल, पण आता मला सोसवत नाही."

"मला का राग येईल?"

"तुम्हाला इंजिनांचं वेड ना! पोरगा म्हणाला, तिच्या आईला इंजिन म्हणजे जीव की प्राण. चार दिवस बरोबर जा, म्हणजे त्या मोकळ्या होतील."

"मला वेड?" काकू उठायला गेल्या आणि डोकं बाकाला आपटलं. "अहो, वेड तुम्हाला ना! म्हणून तर मी आले! माझ्या सात पिढ्यांत कुणी काजळीच्या वाटेला गेलं नाही!"

सूरवाल्यांनी कापसाचे बोळे खिशात टाकले.

"मग तो पहिला डबा?" काकूंनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"खिडकी उघडली ती?"

"तुमच्यासाठीच. आणि तो मधला ओटा?"

"तुमच्यासाठी, मेलं! आणि काल तुम्ही ड्रायव्हरचा हात धरून रडलात, ते?"

"डोळ्यात कोळसा गेला होता."

मग मात्र काकूंना हसू आवरेना. फरशीवर पडल्या पडल्या त्या इतक्या हसल्या की पोटात कळा आल्या. सूरवालेही हसायला लागले; त्यांचं हसणं अगदी बारीक, चावी दिलेल्या खेळण्यासारखं. "घरी गेल्यावर दोघांचे कान उपटते," काकू म्हणाल्या, आणि कानावरून त्यांना लेक आठवली. हसू ओसरलं.

"आता सोंग संपलं, तर खरंच विचारते. दोन वर्षं झाली. पोरगी नोकरी धरून लांब निघालीय. तुमच्या मनात काय आहे? माझ्या मुलीत काही खोट दिसली का?"

गाडी थांबली होती. पुढे इंजिन सुस्कारे टाकत होतं.

"खोट माझ्या घरात आहे," सूरवाले हळूच म्हणाले. "ही गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही. मला आवाज सोसत नाही, म्हणून पोरगासुद्धा चवड्यांवर चालतो. आणि तुमची मुलगी हसते ती खळखळून. वाटलं, माझ्या घरात आली की एक तर ती हसायची थांबेल, नाहीतर मला वेड लागेल. पहिली गोष्ट झाली तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

काकूंनी जरा विचार केला. "तिचं हसणं बेसूर आहे?"

"नाही, नाही! बेसूर नाही." सूरवाल्यांनी मान तिरकी करून आठवून पाहिलं. "जरा चढं आहे."

"मग कापूस घाला."

सूरवाले काही बोलणार, तोच शिट्टी झाली आणि गाडी पुढे निघाली. चाकं धडधडायला लागली, धूर खिडकीबाहेरून लोटू लागला. इकडे काकूंचा गुडघा असा काही धरला की त्यांना पडून राहवेना. बाकाचा आधार घेत घेत त्या उठायला लागल्या. समोर वळण आलं होतं. सूरवाल्यांना बांध दिसला, कॅमेरा दिसला, डॉक्टर दिसला.

"विहीणबाई!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "डोकं खाली!"

काकू अजूनही सांगतात, दुसरं काहीही म्हणाले असते तर मी वाकले असते. पण तो शब्द कानावर पडला आणि त्या ताडकन सरळ उभ्या राहिल्या, ऐन खिडकीत.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

"विहीणबाई म्हणालो! खाली बसा हो!" असं म्हणत त्यांना खाली ओढायला सूरवालेही उभे राहिले.

खट्ट.

डॉक्टरच्या रोलमधला तो शेवटचा फोटो होता. गाडी थांबली तेव्हा तो बांधावरून धावतच आला, रागानं लालबुंद. मागून मास्तर उगाचच शिट्ट्या फुंकत होते.

"कोण होतं ते? खिडकीत कोण होतं?"

काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली. काजळीनं माखलेला चेहरा, त्यात हसणारे दात तेवढे पांढरे.

"मी," त्या म्हणाल्या. "विहीणबाई."

लग्न त्याच वर्षी झालं. लेकीनं ती लांबची नोकरी घेतली नाही, आणि हसणंही सोडलं नाही. सूरवाल्यांनी कापसाची डबी बाहेरच्या दाराशी फळीवर ठेवली होती. ती शेवटपर्यंत भरलेलीच राहिली.

डॉक्टरनं तो फोटो, त्यातल्या काकूंच्या आ वासलेल्या तोंडासकट, पोस्टानं त्यांना पाठवून दिला. मागे लिहिलं होतं, "कृपया पुन्हा माझ्यासमोर येऊ नये." दोन वर्षांनी काकूंची दाढ सुजली, तेव्हा नाइलाजानं त्याच्याकडेच जावं लागलं. त्यानं दाढ छान काढली, पण तोंड उघडायला सांगताना म्हणाला, "तुम्हाला हे जमतंच." मास्तर पुढे बरीच वर्षं सहली नेत होते. त्या दिवशी बांधावर उतरलेली डोकी आपण मोजली होती आणि ती बरोबर भरली होती, असं ते मरेपर्यंत शपथेवर सांगत.

नात झाली, आणि तिला मात्र इंजिनांचं खरंखुरं वेड लागलं. दर वर्षी आजी-आजोबांना तिला घेऊन जावं लागे. पहिला डबा, उघडी खिडकी. पुढे ती तसल्याच एका जुन्या गाडीवर कोळसा टाकायच्या कामाला लागली. तिचे काळे कपडे दर आठवड्याला काकूंच्या काउंटरवर येऊन पडत, आणि काकू त्यांना शिव्या देत देत स्वतःच्या हातानं धूत.

सूरवाले थकल्यावर त्यांचे कान गेले. शेवटी शेवटी त्यांना कुणाचंच काही ऐकू येत नसे, फक्त नातीच्या इंजिनाची शिट्टी ऐकू येई. ती झाली की चेहरा उजळायचा. "अजून बेसूरच आहे," ते म्हणायचे. ते गेले त्या दिवशी काकूंनी दुकान उघडलं नाही.

सायीच्या रंगाचा तो कोट अजून दांडीवर आहे. बाकी सगळं निघालं, पण डाव्या गुडघ्यापाशी डब्याच्या फरशीचा एक डाग काकूंच्यानंही निघाला नाही. गिऱ्हाईक आलं की त्या तो कोट मागे सरकवून ठेवतात. धंद्याचा प्रश्न आहे.